मासे आणले घरात, गेले कुणाच्या ताटात?

"ताई, हप्त्यातून दोन खेपा मासोया आणू राह्यलो मी घरी. तीन वर्षं झाले. मंग हिले कसं काय झालं?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून आमच्या गल्लीतले काका मला विचारत होते. रेल्वेतून रिटायर झालेला, कुणापुढे न वाकणारा माणूस. हातात काकूंच्या चपला धरून बसले होते. आत काकू अतिदक्षता विभागात. मला त्या वेळी काही उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. आणि जसजसा विचार करत गेले, तसतसं वाटायला लागलं की हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. म्हणून मैत्रिणींनो, आज तुमच्याशी माशांबद्दल बोलायचं आहे. माझ्यासारख्या माळकरी माहेरच्या बाईनं माशांवर लिहावं हे जरा गमतीचंच, पण सासर खाणारं मिळालं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात खवले काढायला शिकले. तेव्हा थोडाफार अधिकार आहे.

आधी काकूंचं सांगते. तीन वर्षांपूर्वी काकांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी मटण बंद करायला सांगितलं, मासे चालतील म्हणाले. काकूंनी ते देववाणीसारखं पाळलं. बुधवारी आणि रविवारी घरात मासे. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र हे सगळं सांभाळून आठवड्यातले दोन दिवस बसवायचे म्हणजे काय कसरत असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. काकांना रोहूचे तुकडे रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेले आवडतात. मधले चांगले तुकडे काकांना, मग मुलाला, मग नातवाला. काकू शेवटी बसायच्या. डोक्याचा किंवा शेपटाकडचा तुकडा, नाहीतर नुसता रस्सा आणि भाकरी. काकूंना बारा वर्षांपासून शुगर. काकांच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी ठरलेल्या. काकूंचा ईसीजी कधी काढलाच नव्हता.

त्या रात्री पाठीत जड झालं, जबडा दुखायला लागला, घाम फुटला. काकूंनी सोडा पाणी घेतलं. पित्त असेल. सकाळी एका ठिकाणी दाखवलं, तिथेही पित्ताचंच इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली तेव्हा सुनेनं हट्टानं ईसीजी काढायला लावला. ॲटॅक येऊन गेला होता. काकू वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. मासे खाल्ल्यानं हृदय चांगलं राहतं हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे आलं कुठून? १९७० च्या सुमारास बांग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडला गेले. तिथले इन्युइट लोक मासे, सील, व्हेल असं चरबीचं खाणं भरपूर खात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी दिसतो अशी समजूत होती. या दोघांनी त्यांचं रक्त तपासलं आणि माशांच्या तेलातल्या विशिष्ट चरबीकडे, म्हणजे आता ज्याला आपण ओमेगा-३ म्हणतो तिच्याकडे जगाचं लक्ष गेलं. गंमत अशी की २०१४ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी जुने कागद पुन्हा पाहिले, तेव्हा या दोघांनी तिथल्या लोकांना हृदयविकार किती आहे हे स्वतः मोजलेलंच नव्हतं असं दिसलं. सरकारी नोंदींवर भिस्त होती, आणि दूरदूरच्या वस्त्यांत डॉक्टर पोचल्याशिवाय नोंद तरी कशी होणार? आपल्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर जशी गत, तशीच तिथली.

तरी ओमेगा-३ अगदीच पोकळ गोष्ट नव्हे. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी त्यानं कमी होते, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती थोडी कमी होते, बीपीवर किंचित चांगला परिणाम होतो. १९८९ साली ब्रिटनमधल्या वेल्सचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या २,०३३ जणांपैकी ज्यांना आठवड्यातून किमान दोनदा तेलकट मासे खा असं सांगितलं, त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. "डॉक्टर म्हणाले मासे खा" या आपल्या घराघरातल्या वाक्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. त्याच डॉक्टरांनी पुढे छातीत दुखण्याचा त्रास असलेल्या ३,११४ जणांवर तसाच अभ्यास केला. तो २००३ मध्ये आला आणि त्यात फायदा दिसला नाहीच, उलट मासे किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्यायला सांगितलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त निघाले. असं का, याचा उलगडा नीट झालेला नाही.

हे दोन्ही अभ्यास वाचताना मी एका गोष्टीवर थबकले. पहिल्यातले २,०३३ सगळे पुरुष. दुसऱ्यातले ३,११४ सगळे पुरुष. बाईच्या हृदयाला मासे मानवतात की नाही हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जे चाललं होतं तेच मोठमोठ्या संशोधनातही चाललं होतं म्हणा ना!

बायकांचा मोठा अभ्यास नंतर अमेरिकेत झाला, आणि तो प्रत्येकीनं ऐकावा असा आहे. ५० ते ७९ वयाच्या १,०६,९६६ बायका, जवळजवळ अठरा वर्षं त्यांच्यावर लक्ष. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा तळलेले मासे किंवा तळलेली कोळंबी, शिंपले असं खाणाऱ्या बायकांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू, ते न खाणाऱ्यांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त होते. त्याआधी २००३ साली अमेरिकेतल्याच म्हाताऱ्या माणसांच्या अभ्यासात असंच दिसलं होतं, की भाजलेला, उकडलेला मासा खाणाऱ्यांना फायदा, तळलेला खाणाऱ्यांना नाही. आता अमेरिकेतलं तळण वेगळं, आपलं वेगळं, हे मान्य. पण आपल्याकडे कढईतलं तेल गाळून बाटलीत ठेवतो, पुढच्या रविवारी त्यातच पुन्हा तळतो. तेल टाकून द्यायला जीव होत नाही. माझाही होत नव्हता. वरून खान्देशी माणसाला रश्श्यावर बोटभर तर्री दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मटण बंद केलं आणि मासा त्याच तेलात, त्याच तर्रीत बुडवला, तर हृदयाच्या वाट्याला नेमकं काय आलं?

मासा कोणता, हाही प्रश्न आहेच. भुसावळहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं चारशे किलोमीटरहून जास्त. आपल्या बाजारात येतात ते तापीचे, हतनूरच्या पाण्यातले, नाहीतर बर्फाच्या पेट्यांतून आंध्रातल्या तलावांतले रोहू, कटला, पंगस. मासे चांगले आहेत, पचायला हलके, प्रोटीन भरपूर, मटणापेक्षा घातक चरबी कमी. पंगसला काटे कमी असतात म्हणून पोरंही खातात. पण ज्या ओमेगा-३ साठी डॉक्टर मासे सांगतात, ते यांच्यात बांगडा आणि तारली यांच्या मानानं कितीतरी कमी असतं. सगळ्यात जास्त गुण त्या काळ्या पाठीच्या, वासाच्या, स्वस्तातल्या माशांत. पापलेटाला उगाच मान, खरा मानकरी बांगडा. शिवाय हे लहान मासे असल्यामुळे त्यांच्यात पाऱ्यासारखं विष साठण्याची भीतीही मुशीसारख्या मोठ्या माशांपेक्षा कमी, म्हणून दिवस गेलेल्या मुलींनाही बरे. बर्फातून आलेला बांगडा घेताना कल्ले उघडून बघा, लालसर हवेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये. मासेवाली रागावते, रागावू द्या.

आणि सुकी मासळी. आठवडे बाजारात सुकट आणि बोंबलाच्या ढिगाशी सगळ्यात जास्त गर्दी आपली, बायकांचीच असते. स्वस्त, टिकाऊ, पाहुणे आले की पटकन होणारी, भाकरीबरोबर तर अमृत. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारी बंद असते तेव्हा हीच आधाराला. पण ती खारवलेली असेल तर मीठ किती पोटात जातं? जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचाही पूर्ण नाही, आणि त्यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड सगळं आलं. ज्या घरात बीपीच्या गोळ्या चालू आहेत तिथे खारा बोंबील "मासेच तर आहेत" म्हणून रोज वाढणं बरं नव्हे. कोमट पाण्यात भिजवून दोनदा पाणी फेकलं तर थोडं मीठ निघतं. कालवणात मग मीठ घालायचंच नाही. बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "ताई, मंग त्याले चवच काय राह्यली?" खरं आहे. चव थोडी जाते.

काकूंचा मुलगा पुण्याला असतो. तो दर दिवाळीला माशाच्या तेलाच्या गोळ्यांची मोठी बाटली आणतो, वडिलांसाठी. (आईसाठी साडी.) या गोळ्यांबद्दल २०१८ मध्ये दोन मोठे निकाल लागले. एक अमेरिकेतला, २५,८७१ स्त्री-पुरुषांवर झालेला. दुसरा ब्रिटनमधला, १५,४८० मधुमेहींवरचा. दोन्हीकडे रोज एक गोळी काही वर्षं घेऊन हार्ट ॲटॅक, पक्षाघात अशा मोठ्या दुखण्यांत लक्षणीय घट दिसली नाही. शुद्ध केलेल्या एका प्रकारच्या मोठ्या मात्रेचा काही विशिष्ट रुग्णांना फायदा झाल्याचं त्याच वर्षी एका अभ्यासात दिसलं, पण त्यावर अजून वाद आहे, आणि मोठ्या मात्रेनं हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हेही दिसलं आहे. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं तर घ्यायचं, दिवाळीची भेट म्हणून नाही.

मग मासे खायचे की नाही? खायचे. २०२१ मध्ये ५८ देशांतल्या १,९१,५५८ लोकांची माहिती एकत्र करून जे निघालं ते मला सगळ्यात पटलं. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांच्यात आठवड्याला साधारण पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे दोन वेळचे मासे खाणाऱ्यांना धोका कमी दिसला. ज्यांना असा काही आजार नव्हता, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. अर्थात मासे खाणारा माणूस इतर बाबतींतही स्वतःला जपणारा असू शकतो, त्यामुळे सगळं श्रेय माशाला देता येत नाही. केरळात तर जवळपास रोज मासे खातात, तरी तिथे शुगर आणि हृदयविकार कमी नाहीत.

काकांना डॉक्टरांनी सांगितलं ते म्हणून बरोबरच होतं. मटणाच्या जागी मासा आला तर फायदा. चूक घडली ती पुढे, तळणात आणि वाढण्यात. आणि आणखी एका गोष्टीत, जी मला सुनेनं नंतर हळूच सांगितली. मधल्या वर्षभरात काकांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती. "मासे खातोय ना मी!" असं म्हणायचे. तंबाखू मात्र चालू. मासा गोळीची जागा घेत नाही हो. चालण्याची घेत नाही, तंबाखू सोडण्याचीही घेत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर माशाच्या तेलाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत.

ज्या मैत्रिणी मासे खात नाहीत, आणि आपल्या भागात अशी घरं खूप आहेत, त्यांनी हळहळायचं कारण नाही. आपल्या आजीची जवसाची चटणी आहेच. जवसात, अक्रोडात वनस्पतीचं ओमेगा-३ असतं. शरीर त्यातल्या अगदी थोड्याचंच माशातल्या प्रकारात रूपांतर करतं, हे खरं, पण म्हणून ती चटणी वाया जात नाही. जवस भाजून कुटून खा, अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. मी माहेरी गेले की डबा भरून आणते. माहेरची माणसं मासे न खाता ऐंशी ओलांडून गेली आहेत, हेही सासरी अधूनमधून ऐकवते.

काकूंच्या घरचं मला जे सगळ्यात लागलं ते मात्र माशाचं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जमलेल्या बायकांना विचारलं, नवऱ्याची शुगर किती हे कोणाकोणाला पाठ आहे? भराभर हात वर. मग विचारलं, स्वतःचं बीपी मागच्या वर्षभरात कुणी मोजलं? दोन हात वर आले, त्यातली एक नर्स. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी, असं २००७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. बायकांना तो पुरुषांपेक्षा थोडा उशिरा येतो, पण शुगर असली की बाईला मिळालेली ही सवलत बरीचशी संपते. आणि आला तरी दर वेळी सिनेमातल्यासारखी छाती धरून बाई खाली पडत नाही. पाठ, मान, जबडा, खांदा दुखणं, मळमळ, घाम, कारण नसताना गळून जाणं, धाप. हे सगळं आपण पित्ताच्या नावावर खपवतो. वयाची चाळिशी झालेली, शुगर किंवा बीपी असलेली बाई असं काही म्हणाली तर सोड्याच्या पुडीआधी ईसीजी. रात्र असेल तर १०८ ला फोन. शेजारी काय म्हणतील ते सकाळी बघू.

काकू घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. काका ओट्यापाशी उभे होते, चहा करत होते, हे दृश्य मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. इतकं सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हणाले, "काका, मासे तुम्ही आणले, पण काकूंच्या ताटात गेलेच नाहीत. आणि त्या ५८ देशांच्या हिशेबानं आता त्यांची खरी गरज तुमच्याइतकीच काकूंना आहे." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही कधी बोललीच नाही ना." काकू आतून म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं?"

सुनेला मी बांगड्याची साधी कृती लिहून दिली आहे. बांगड्याला चिरा पाडून हळद, लसूण, कोकम किंवा लिंबू लावायचं, आपला काळा मसाला चमचाभर, तव्यावर जेमतेम तेल पुसून झाकण ठेवून वाफेवर होऊ द्यायचा. कालवण करायचं तर वाटणात खोबरं कमी, आणि तेल फोडणीपुरतं. सगळे एकदम जेवायला बसायचे आणि तुकडे मोजून वाढायचे, हे मात्र मी लिहून नाही, तोंडी सांगितलं.

मागच्या बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावले. चौघं पंगतीला बसली होती, नातू मधोमध. काकूंच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा. एक घास घेऊन त्या मला म्हणाल्या, "याला वास फार येतो गं. मला आपली रोहूच बरी." काका म्हणाले, खा मुकाट्यानं. काकूंनी तुकडा उलटा करून काटा काढला आणि भाकरी मोडली. पुढच्या महिन्यात त्यांची इको करायची आहे, तारीख काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनानं लिहून ठेवली आहे. त्याच पानावर खाली त्यांची स्वतःचीही एक तारीख आहे, बंद केलेली गोळी पुन्हा विचारून यायची.